एकांताचा हक्क

मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे एका पतीचे अपील आले होते. घटस्फोट मिळावा म्हणून त्याने पत्नीवर जे आरोप केले, त्यांत ती हस्तमैथुन करते हाही एक होता. न्यायालयाने अपील फेटाळले. पुरुषांत जी गोष्ट सार्वत्रिक मानली जाते तिच्यावरून स्त्रीला कलंक लावता येणार नाही, आणि विवाहाने स्त्रीचे स्वतंत्र व्यक्तित्व संपुष्टात येत नाही, असा या निकालाचा आशय आहे. निकाल स्वागतार्ह आहे. परंतु पत्नी एकांतात काय करते याची तक्रार घेऊन पती न्यायालयापर्यंत जाऊ शकतो, यातच स्त्रीच्या देहाचा मालक कोण, याविषयीची रूढ समजूत उघडी पडते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते नेटाने चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटल्यात कर्व्यांना दंड झाला. तथापि अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात आकंठ बुडालेल्या डॉ. आंबेडकरांना या खटल्यासाठी वेळ देणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट विसरता कामा नये.

या विषयाभोवतीच्या भीतीला एके काळी शास्त्राचेच पाठबळ होते. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या तिसो या वैद्याने हस्तमैथुनाला अनेक रोगांचे मूळ ठरवले. लंडनचा शल्यचिकित्सक आयझॅक बेकर ब्राउन स्त्रियांचा उन्माद आणि अपस्मार ‘बरा’ करण्यासाठी त्यांची शिस्निका कापून टाकी. १८६७ मध्ये तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने त्याला काढून टाकले. पुढे १९५३ मध्ये, कर्वे वारले त्याच वर्षी, अमेरिकेत किन्से यांचा स्त्रियांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुलाखती दिलेल्या सुमारे सहा हजार स्त्रियांपैकी ६२ टक्के स्त्रियांनी हस्तमैथुनाचा अनुभव सांगितला होता. हा नमुना अमेरिकन गोऱ्या स्त्रियांचा होता, त्यामुळे त्याचे आकडे जगाला लावता येत नाहीत. परंतु हे काही मूठभर बिघडलेल्या स्त्रियांचे वर्तन आहे, हा समज त्याने खोटा ठरवला. आजच्या वैद्यकाच्या मते त्याने शरीराला अपाय होत नाही. अनेकींचा ताण हलका होतो, झोप लागते, काहींच्या पाळीच्या वेदना कमी होतात. त्यात गर्भधारणेचे भय नाही. आपल्याला सुख कशात आहे हे जिला ठाऊक असते, ती ते जोडीदाराला सांगू शकते. आणि जिला ते सांगता येते, तिला नकारही देता येतो.

यावर चळवळीतूनच एक आक्षेप येतो. मजुरी, पाणी, रेशन यांचे प्रश्न समोर असताना हे सुखवस्तूंचे चोचले कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये शासनाच्या समितीमार्फत पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडू नये आणि मुकादमाचा दंड बसू नये, हेही त्यामागील एक कारण असल्याचे पुढे आले. कष्टकरी स्त्रीचा देह म्हणजे कामाचे अवजार आणि मुलांना जन्म देणारे यंत्र, याखेरीज त्याला स्वतःसाठी काही अर्थ नाही, ही धारणा या दोन्ही ठिकाणी एकच आहे. जिच्या देहाचे सुख तिचे मानले जात नाही, तिच्या देहाची वेदनाही तिची मानली जात नाही.

शिवाय हा प्रश्न अर्थशास्त्राबाहेरचाही नाही. एकांताला दोन गोष्टी लागतात, वेळ आणि जागा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील २८९ मिनिटांचा वेळ त्या कामात जातो. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटांचा. जागेचे सांगायचे तर २०११ च्या जनगणनेत देशातील ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. त्या खोलीत सासू-सासरे, दीर, मुले यांच्या मध्ये निजणाऱ्या स्त्रीला कडी लावण्याजोगे एक दार मिळत नाही. श्रम आणि घर यांचे वाटप विषम असले की एकांताचे वाटपही विषमच राहते. बाजार हल्ली याच गोष्टीला ‘सेल्फ केअर’ म्हणतो आणि शहरी ग्राहकाला महागडी उपकरणे विकतो. वास्तविक या सुखाला खर्च काहीच नाही. महाग आहे तो एकांत.

कार्यकर्त्यांनी यावर सभा घ्याव्यात असे नव्हे. ज्याला लाज म्हणून गप्प बसवले गेले, त्याला आता कर्तव्य म्हणून लादणे हाही जुलूमच होईल. इच्छा नसणे हाही हक्क आहे. परंतु आरोग्य शिबिरात पाळी, गर्भनिरोधन आणि रक्तक्षय यांवर बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी, हे केल्याने आजार होत नाही आणि पापही लागत नाही, एवढे एक वाक्य जोडले तरी कित्येक स्त्रियांच्या मनावरचे ओझे उतरेल. घरकुलाची मागणी करताना दोन खोल्यांचा आग्रह धरावा. आणि भांडी, पाणी, पोळ्या यांतला निम्मा वाटा कार्यकर्त्याने स्वतःच्या घरी उचलावा. स्त्रीला मोकळा मिळालेला तास तिने कसा घालवावा, हे मग तिच्यावर सोपवावे, आणि त्याचा हिशेब मागू नये.