नीट हुकली म्हणून आरोग्याची वाट बंद होत नाही

बारावीचा निकाल लागला की वस्तीतल्या अनेक घरांत पहिला प्रश्न असतो, नीटला किती पडले? पुरेसे पडले तर पेढे. नाही पडले तर पुन्हा क्लास, पुन्हा फी, पुन्हा एक वर्ष. कोणी दोनदा बसते, कोणी तीनदा. आईचे दागिने गहाण पडतात, बचत गटातून कर्ज निघते. एवढे करूनही जागा मिळाली नाही की मुलगी मिळेल त्या कॉलेजात नाव घालते आणि आरोग्याचे नाव कायमचे सोडून देते. माझा आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे.

डॉक्टर समोर बसलेल्या रुग्णाला बरे करतो. पण एकाच गल्लीतले पाच जण एकाच महिन्यात आजारी का पडले, हे शोधायचे काम सार्वजनिक आरोग्याचे. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला. दोन इमारतींमधले अंतर, घरात येणारा उजेड आणि खेळती हवा मोजली गेली. जिथे हवा-उजेड कमी, तिथे क्षयरोगाचा भार जास्त, असे त्यातून दिसले. गोळ्या देणारा डॉक्टर तिथे लागतोच. पण इमारतीचा नकाशा वाचणारा, आकडे मांडणारा आणि घरोघर जाऊन विचारणाराही तितकाच लागतो.

या कामाचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे एमपीएच, मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्थेचे अच्युत मेनन केंद्र आहे. पात्रतेच्या अटी सगळीकडे सारख्या नाहीत. काही ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो; काही ठिकाणी आरोग्याशी संबंधित पदवी किंवा कामाचा अनुभव मागतात. म्हणून पदवीला नाव घालण्याआधीच आपल्याला हव्या त्या दोन-तीन संस्थांची माहितीपत्रके वाचावीत. तीन वर्षे शिकल्यावर 'तुमचा विषय चालत नाही' हे कळण्यात अर्थ नाही.

मग पदवी कोणती घ्यावी? माझे मत असे की आधी प्रश्न निवडा, मग विषय. 'आमच्या भागात लहान मुले सारखी आजारी का पडतात' हा प्रश्न सतावत असेल तर नर्सिंग, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पोषणशास्त्र. 'दवाखाना जवळ असून बाया जात का नाहीत' हा प्रश्न असेल तर समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी, म्हणजे बीएसडब्ल्यू. 'एका आजारपणात घर कर्जात का बुडते' याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडेल. ज्यांचे गणित चांगले आहे त्यांनी संख्याशास्त्राकडे जरूर बघावे. देवनारलाच असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या सर्वेक्षणातून पुढे आले. असे आकडे घडवणारी आणि वाचणारी माणसे आपल्यातून किती निघतात?

विषय कोणताही घ्या, एक पथ्य पाळा. विज्ञानाच्या मुलांनी समाजाचा एखादा विषय शिकावा आणि कला शाखेच्या मुलांनी आकड्यांना भिऊ नये. कॉलेजात संख्याशास्त्राचा पेपर घेता येत असेल तर घ्यावा, संगणकावर तक्ता मांडायला शिकावे. मोजता येत नाही त्याचे म्हणणे कार्यालयात टिकत नाही, आणि ऐकता येत नाही त्याने मोजलेले बहुधा चुकते. 'घरात शौचालय आहे का' असे विचारले तर 'हो' येते. 'रात्री कुठे जाता' असे विचारले की खरे उत्तर येते.

अनुभवाच्या बाबतीत तर वस्तीतल्या मुलांनी स्वतःला कमी समजूच नये. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने शेकडो माणसे मेली. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू नकाशावर मांडून बोट दाखवले ते एका सार्वजनिक पंपाकडे. त्याच भागातल्या हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्याला हे आधी पटले नव्हते. पण तो घरे ओळखत होता. पुन्हा पुन्हा जाऊन त्याने चौकशी केली आणि पंपाजवळच्या घरातल्या एका आजारी तान्ह्या मुलापर्यंत माग काढला. त्या बाळाच्या लंगोटांचे पाणी ज्या खड्ड्यात जात होते, तो विहिरीत झिरपत होता. व्हाइटहेड डॉक्टर नव्हता. लोक त्याच्यासाठी दार उघडत होते, हीच त्याची पात्रता होती.

आपल्या मुलांसाठीही वस्तीतली दारे उघडतात. फक्त कामाची नोंद राहिली पाहिजे. आशाताई, अंगणवाडीताई किंवा आरोग्यसेविकेसोबत सुट्टीत फिरा. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव द्या. नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, किती घरांमागे एक संडास आहे, हे तारीख टाकून वहीत लिहा. मात्र क्षयरोग किंवा एचआयव्ही असलेल्या कुणाचेही नाव त्या वहीत नको, आणि विचारण्याआधी परवानगी घ्या. अशी वर्षभराची वही मुलाखतीत फोटोपुरत्या शिबिराच्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते.

आईवडिलांना दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एमपीएच केल्याने मुलगी डॉक्टर होत नाही. तिला औषध लिहून देता येत नाही. आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात. म्हणून भरमसाट फीच्या खाजगी कॉलेजासाठी कर्ज काढण्याआधी आधीच्या विद्यार्थ्यांना कुठे आणि किती पगारावर काम मिळाले ते विचारा. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे एखाद्या आरोग्य प्रकल्पात काम करून मग पुढे शिकणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. घरात चार पैसे येतात आणि हे काम आपल्याला झेपते का तेही कळते.

पैशाअभावी मात्र कोणी थांबू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, परदेशी शिकायचे तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. १९९० पासून केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, पण केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा दाखला तिथे चालेल असे धरून बसू नका. पदवीच्या पहिल्याच वर्षी तो काढून ठेवा.

आज सर्वेक्षणाचा कागद घेऊन आपल्या दारात येणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरचा असतो. काय विचारायचे ते त्याने ठरवलेले असते आणि आपण फक्त उत्तरे देतो. प्रश्न ठरवणाऱ्या टेबलाशी आपली मुलगी बसली तर संडासाच्या रांगेचा, बंद खिडकीचा, रात्रपाळीच्या बाईचा प्रश्न त्या कागदावर येईल. यंदा घरात कोणाची नीट हुकली असेल तर तिला आणखी एका क्लासची पावती देण्याआधी एकदा विचारा, तुला आरोग्यातले नेमके काय बदलायचे आहे?