प्रवासाच्या तासांचा हिशेब कोणी द्यायचा?

बदलापुरात राहणारा आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत फिटरचे काम करणारा एक कामगार डोळ्यांसमोर आणावा. महिन्याला २२,००० रुपये पगार, घरून कारखान्यात पोचायला अर्धा तास. त्याच्यापुढे वांद्रे-कुर्ला संकुलातील एका इमारतीत वातानुकूलन यंत्रणेची देखभाल करण्याची नोकरी येते. पगार ३०,००० रुपये. घरात आनंद होतो, शेजारीपाजारी अभिनंदन करतात. फक्त आता घरापासून कामाच्या जागेपर्यंत जायला दोन तास आणि यायला दोन तास लागणार असतात. कुर्ल्यापर्यंत लोकल, तेथून रिक्षा किंवा बस, आणि संध्याकाळी तोच क्रम उलटा. ही नोकरी त्याने घ्यावी की नाही?

मुंबईच्या परिसरातील लक्षावधी घरांत हा प्रश्न कधी ना कधी पडतो, आणि तो घरगुती प्रश्न म्हणूनच सोडविला जातो. कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात त्याला स्थान नसते. महागाई भत्ता, बोनस, रजा यांवर रात्र रात्र वाटाघाटी होतात. परंतु कामगार घरातून निघाल्यापासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचेतो जो वेळ जातो, तो जणू कोणाचाच नसतो. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

आठ हजारांचे काय होते?

प्रथम साधे अंकगणित करू. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरू आणि जेवणाच्या सुटीसह कामाच्या जागी ९ तास जातात असे मानू. जुन्या नोकरीत प्रवासाचा एक तास मिळवून दिवसाचे १० आणि महिन्याचे २५० तास होतात. २२,००० रुपयांना २५० ने भागले तर तासाला ८८ रुपये पडतात. नव्या नोकरीत दिवसाचे १३ आणि महिन्याचे ३२५ तास होतात. वाढलेले प्रवासभाडे आणि बाहेरचा चहा-नाश्ता यांपोटी २,००० रुपये वजा केले, तर हाती २८,००० राहतात. म्हणजे तासाला सुमारे ८६ रुपये. पगार एक तृतीयांशाहून अधिक वाढला, आणि तासाचा मोबदला मात्र दोन रुपयांनी उतरला.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला तर चित्र अधिक स्पष्ट होते. या कामगाराने महिन्याला ७५ तास जास्तीचे दिले आणि त्यांच्या बदल्यात ६,००० रुपये मिळविले. हे तास त्याने ८० रुपये दराने विकले. अंबरनाथला रोजच्या प्रत्यक्ष आठ तासांच्या कामाचा त्याचा दर ११० रुपये पडत होता. त्याच कारखान्यात त्याने जादा काम केले असते, तर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तत्त्वानुसार दुप्पट दराने, म्हणजे २२० रुपयांनी पैसे मिळाले असते. लोकलच्या दाराशी लोंबकळत काढलेला तास हा जादा कामाच्या तासाहून सोपा असतो, असे ज्याने तो काढला आहे तो तरी म्हणणार नाही.

वर्षाला हे ९०० तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर ११२ दिवस. ते मुलांच्या अभ्यासातून, झोपेतून, आजारी आईच्या उशापासून आणि सभासंमेलनांतून काढून घेतलेले असतात. उपनगरांतील शाखांच्या बैठकांना माणसे का येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. रात्री नऊला घरी पोचणारा माणूस उदासीन नसतो, थकलेला असतो.

स्त्रीच्या बाबतीत हा हिशेब आणखी कठोर होतो. महिलांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या, वाटाणे सोलणाऱ्या बायकांची छायाचित्रे कौतुकाने छापली जातात. त्या कौतुकामागचा अर्थ असा की, घरकामाचा वाटा कमी न झाल्याने तिला प्रवासाचा वेळही कामालाच जुंपावा लागतो. अनेक घरांत तर हिशेब मांडण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. लांबची, चांगल्या पगाराची नोकरी नवऱ्याने घ्यायची आणि जवळची, तुटपुंज्या पगाराची बायकोने.

निवडीचे स्वातंत्र्य

रूढ अर्थशास्त्राचे उत्तर ठरलेले आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात म्हटले होते की, कष्टाच्या वा अप्रिय कामाला त्याची भरपाई म्हणून अधिक मजुरी मिळते. पुढे विल्यम अलोन्सो याने १९६४ मध्ये शहरातील जमिनीच्या वापराचा सिद्धान्त मांडला. त्याचे सार असे की, माणूस दूर राहतो तो स्वस्त आणि मोठ्या जागेसाठी. प्रवासाचा त्रास आणि जागेचे सुख यांचा तोल तो स्वतःच साधतो. हे खरे असेल तर लांबून येणारा आणि जवळ राहणारा यांच्या समाधानात फरक पडू नये. आलोइस स्टुटझर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील पाहणीच्या आधारे हेच तपासले, तेव्हा प्रवास जितका लांब तितके समाधान कमी, असे त्यांना आढळले. वाढीव पगाराने किंवा स्वस्त घराने त्रासाची पुरती भरपाई झालेली नव्हती.

जर्मनीत जर ही स्थिती, तर बदलापूर-विरारकडच्या माणसाला कोणत्या मोठ्या जागेचे सुख मिळाले आहे? त्याला मिळाली आहे ती हप्त्यांवर घेतलेली एक खोली आणि स्वयंपाकघर. दादरला त्याच किमतीत काही मिळाले असते आणि त्याने ते नाकारले, असे घडलेलेच नाही. जेथे दुसरा पर्यायच नाही, तेथे ‘निवड’ हा शब्द वापरणे ही शास्त्राची भाषा नव्हे, सोयीची भाषा आहे.

अंतर कोणी वाढविले?

घर आणि काम यांतील अंतर निसर्गाने निर्माण केलेले नाही. गिरणगावातील कामगार भोंगा ऐकून घरातून निघत असे. चाळीतील एका खोलीत दहा-बारा माणसे राहत, हे जीवन हेवा करण्याजोगे मुळीच नव्हते; परंतु काम चालत जाण्याच्या अंतरावर होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग खुल्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकांना, अशी सर्वसाधारण विभागणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जेथे कामगारांची घरे उभी राहू शकली असती, तेथे मनोरे आणि बाजारसंकुले उभी राहिली. त्याच गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना पुढे बदलापूरच्याही पलीकडे, वांगणी आणि शेलू येथे घरे देऊ करण्यात आली. जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर जमले, ते मुंबईतच घर हवे ही मागणी घेऊन. त्यांचा आग्रह हट्टाचा नव्हता. घराबरोबर रोजचे चार तास पदरात टाकले जात आहेत, हे त्यांना कळले होते.

या तासांची दुसरी किंमत रक्ताने चुकविली जाते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी रुळांवर फेकले गेले आणि त्यांतले काही प्राणास मुकले. ते कामावर निघालेले होते.

कायद्याने मान्य केलेले तत्त्व

कामावर जाणारा माणूस कामावरच असतो काय? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने हळूहळू बदलले आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य विमा योजनेखालील एका प्रकरणात, घरून कारखान्याकडे जाताना झालेला अपघात हा नोकरीतील अपघात नव्हे, असा निर्णय दिला होता. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन असा अपघात, नोकरीशी त्याचा संबंध प्रस्थापित झाल्यास, नोकरीतलाच मानला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रातील साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात नुकसानभरपाईच्या कायद्यालाही तोच अर्थ लावला. पहाटे ३ च्या पाळीला जाताना २००३ मध्ये तो मृत्यू पावला होता. कुटुंबाला न्यायासाठी बावीस वर्षे थांबावे लागले.

या निर्णयाचा तार्किक शेवट गाठला पाहिजे. वाटेत मेलेला कामगार जर मालकाच्या कामावर होता, तर वाटेत जिवंत असलेला कामगार कोणाच्या कामावर असतो?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेल्या लढ्यानंतर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांवर आणला, आणि १९४६ मध्ये आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर आली. आज बदलापूरचा कामगार घराबाहेर १३ तास असतो. तुलना तंतोतंत नाही, कारण यात प्रवास व जेवणाची सुटी धरलेली आहे. परंतु पन्नास-साठ वर्षांच्या लढ्याने जे तास मिळविले, ते रेल्वेच्या डब्यात परत केले जात आहेत, हे नाकारता येणार नाही.

काय मागावे?

फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिस परिसरातील मालकांकडून पगारबिलाच्या प्रमाणात सार्वजनिक वाहतुकीसाठी कर घेतला जाऊ लागला आणि पुढे तो इतर शहरांतही आला. कामगार दारात आणून सोडण्याचा लाभ ज्याला होतो, त्याने त्या खर्चाचा वाटा उचलावा, हे त्यामागील साधे तत्त्व. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी याच राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला आणि शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलला. दुष्काळाच्या काळात जे पगारदाराकडून मागता आले, ते वांद्रे-कुर्ला संकुलातील कंपन्यांकडून मागण्यात संकोच कसला?

त्याखेरीज वेतन करारांत प्रवासाच्या वेळेचा भत्ता अंतरानुसार मागितला पाहिजे, कामाच्या वेळा विभागून घेतल्या पाहिजेत, आणि सार्वजनिक जमिनीवर भाड्याच्या घरांचा आग्रह धरला पाहिजे. विकत घेतलेल्या घराच्या हप्त्यांनी कामगार एका जागी जखडला जातो आणि नोकरी बदलली की अंतर त्याच्या बोकांडी बसते. अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांत कंत्राटी पद्धत रोखून वेतन सुधारले, तर निम्म्या लोकांना बांद्र्याकडे धावण्याची गरज उरणार नाही, असा दावा कोणी करू नये. परंतु ज्यांना थांबायचे आहे त्यांना थांबता येईल.

बदलापूरचा तो फिटर बहुधा नवी नोकरी घेईल. मुलीची फी भरायची असेल, अंबरनाथचे कंत्राट मार्चमध्ये संपत असेल, आणि वरचे ६,००० रुपये, मग ते कितीही महाग पडोत, त्याला हवेच असतील. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोष आहे तो त्याच्या ९०० तासांना शून्य किंमत देणाऱ्या व्यवस्थेचा, आणि त्या शून्याला आजवर हरकत न घेणाऱ्या चळवळीचाही. पुढच्या मागणीपत्रकात या तासांसाठी एक ओळ लिहिली जावी. लढ्याची सुरुवात तेवढ्यानेही होईल.