दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नका

आपल्या वस्त्यांत स्टेंट बसवलेली, हृदयाची झडप बदललेली, लकवा होऊन गेलेली अनेक माणसे रक्त पातळ करणारी गोळी घेतात. दात काढायला गेले की त्यांना सर्रास ऐकावे लागते, "आधी गोळी बंद करा, मग या." असा सरसकट सल्ला चुकीचा आहे. दाताचे रक्त दिसते, दाबून थांबवता येते. मेंदूत किंवा स्टेंटमध्ये झालेली गुठळी दाबता येत नाही.

ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू ठेवून साधा दात काढता येतो. वॉरफेरिन, ॲसिट्रॉमवाल्यांनी आदल्या दिवशी आयएनआर तपासावा. तो ४ च्या खाली असला तर सहसा गोळी थांबवावी लागत नाही. दोन गोळ्या किंवा नव्या प्रकारची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दात सकाळीच काढा. टाका घालून घ्या, गॉजची घडी २०-३० मिनिटे घट्ट चावून धरा, सारखी काढून पाहू नका. त्या दिवशी चूळ, गरम चहा, मिश्री, तंबाखू नको. दुखले तर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. तरीही रक्त थांबत नसेल तर गॉज दाबून धरत दवाखाना गाठा.

यावल-चोपड्याहून जळगावला, साक्री-शिरपूरहून धुळ्याला येणाऱ्याची प्रत्येक फेरीला मजुरी बुडते. म्हणून शासकीय रुग्णालयांत आयएनआर तपासणी, टाका आणि रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड एकाच फेरीत मिळाले पाहिजे. ही मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे. तो मागा.