काचा वर करणारी डबी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या घरात एक जुना वाद नव्याने सुरू होतो. गाडीच्या काचा कोणी उघड्या ठेवल्या? कोणी म्हणजे मीच ठेवलेल्या असतात हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी प्रश्न विचारायची पद्धत आहे. गाडी २००७ ची वॅगनआर. २०२२ मध्ये पंधरा वर्षे भरली तेव्हा तपासणी करून, पर्यावरण कर भरून तिला पुढची पाच वर्षे मिळवून दिली. पुढच्या दोन काचा बटणावर, मागच्या दोन हँडलवर. गाडी घेतली तेव्हाच बाहेरून अलार्म बसवून घेतला होता. रिमोटचे बटण दाबले की चारी दारे खाट्कन लागतात, दिवे मिचकावतात आणि आपण निश्चिंत. काचांशी मात्र त्या अलार्मला काही देणेघेणे नाही. दारे कुलूपबंद आणि खिडकी सताड उघडी, अशी गाडी मी आजवर किती वेळा रस्त्यावर सोडून आलो असेन त्याची मोजदाद नाही.

२०२४ च्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात रात्रभर काच उघडी राहिली. सकाळी ड्रायव्हरची सीट पिळून काढावी अशी झाली होती. (पुढे पंधरा दिवस गाडीला ओल्या सतरंजीचा वास येत होता.) सौ. काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागले. पूर्वी ती रागवायची. त्या दिवशी नुसते माझ्याकडे पाहिले आणि संध्याकाळी चिरंजीवांशी फोनवर बोलताना आवाज खाली आणला. वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज ओळखण्यात माझी हयात गेली. मी काय ते समजलो.

चिरंजीवांनी उपाय शोधला. जुन्या अलार्मला जोडायची एक काळी डबी मिळते, काडेपेटीहून जरा मोठी. दारे लॉक केली की ती उघड्या राहिलेल्या काचा आपोआप वर करते. दीड हजार रुपये, मजुरी वेगळी. "बाबा, आता तुम्ही विसरलात तरी गाडी विसरणार नाही," असे त्याने सांगितले. वाक्य चांगले होते, पण ऐकायला गोड वाटले नाही.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाशी संबंध आला तो ऑफ तासापुरता. पण दुकानात स्टुलावर बसून त्या पोराला एवढे प्रश्न विचारले की शेवटी त्याने कागदावर आकृती काढून दिली. गंमत आहे ती. काचेच्या मोटरला दोन वायरी असतात. बारा व्होल्टची वीज एका दिशेने सोडली की काच वर जाते, उलट दिशेने सोडली की खाली येते. अलार्म दारे लावतो तेव्हा डबीला इशारा मिळतो आणि ती मोटरला वीज देते. आता थांबायचे कधी? तिला डोळे नाहीत. काच वरच्या चौकटीला टेकली की मोटर अडते, आणि अडलेली मोटर जास्त वीज ओढते. ती वाढलेली ओढ लक्षात आली की डबी वीज तोडते. झाले काम! मला हे फार आवडले होते. आंधळ्याने काठीने भिंत ओळखावी तसे.

दोन महिने ते झकास चाललेही. मी दुधाला, बँकेत, भाजीला जायचो, बटण दाबायचो आणि मागे वळून काचा वर चढताना बघत उभा राहायचो. शेजाऱ्यांनाही एकदा दाखवले.

ऑगस्टमध्ये नात आली होती. नऊ वर्षांची. श्रावण म्हणून आजीने तिला हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या होत्या. डेअरीसमोर गाडी उभी केली, तिला म्हटले, "बस गाडीतच, आलोच मी." ती पुढच्या सीटवर, काच खाली, हात कोपरापर्यंत बाहेर, टपरीजवळच्या कुत्र्याला बोलावण्यात गुंग. मी उतरलो, चार पावले चाललो आणि खिशातल्या हाताने बटण दाबले. का दाबले? सवय. गाडीतून उतरायचे आणि बटण दाबायचे, इतक्या वर्षांची.

मागून तिची किंकाळी ऐकली. वळेपर्यंत तिने हात ओढून घेतला होता. दोन बांगड्या वाढल्या होत्या आणि मनगटावर एक लांब ओरखडा, त्यातून रक्ताचे दोन थेंब. बस, एवढेच. एवढ्यावरच निभावले म्हणतात ना, ते. ती पाच मिनिटांत आइस्क्रीमवर राजी झाली. माझे हात मात्र घरी पोचेपर्यंत स्टिअरिंगवर थरथरत होते. हाताच्या जागी मान असती तर, हा विचार त्या रात्री काही केल्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला. दार उघडून किल्ली लावून काच निम्मी खाली केली, किल्ली काढली, दार बंद केले आणि काचेवर एक काकडी आडवी धरून बटण दाबले. काच वर आली, काकडी चौकटीला चेपली, तिची साल फाटली, पाणी सुटले, आणि मग कुठे मोटर थांबली. आता नीट ऐका. ती थांबली, पण खाली आली नाही. काकडी तिथेच अडकलेली. सोडवायची तर रिमोटने दार उघडा, आत बसा, किल्ली घाला, फिरवा आणि मग काचेचे बटण दाबा, कारण आमच्या गाडीत किल्ली फिरवल्याशिवाय काचेची बटणेच चालत नाहीत. काकडीच्या जागी लेकराचा हात असेल तर आतले मूल बटणे दाबत राहील आणि काहीही होणार नाही.

डबीला चौकट आणि मनगट यांतला फरक कळत नाही. तिला फक्त ओढ कळते. ओढीची मर्यादा जास्त ठेवली तर काच दणकून चेपते. कमी ठेवली तर जुन्या गाडीत वेगळीच तऱ्हा होते. काचेच्या कडेचे रबरी बीडिंग धुळीने कडक झालेले असते, तिथेच काच जड जाते, डबीला वाटते वर पोचलो, आणि काच वीतभर उघडी ठेवून ती गप्प बसते. तुम्ही निश्चिंत होऊन घरी, आणि पाऊस गाडीत. शिवाय बाजारात बरेच अलार्म असे असतात की रिमोटने उघडून अर्ध्या मिनिटात कोणी दार उघडले नाही तर ते स्वतःहून पुन्हा लॉक होतात. त्यांच्या बरोबर ही डबीही जागी झाली तर काच वर जायला कोणाचे बटण दाबणेही लागत नाही.

यावर जगात कोणी विचार केला नाही असे नाही. अमेरिकेत गाडीच्या विजेवरच्या काचांसाठी १९७१ पासून नियम आहे. त्यात आजमितीला दोन गोष्टी सांगितल्या आहेत. रिमोटने काच वर करायची असेल तर बटण सतत दाबून धरावे लागले पाहिजे आणि साधारणपणे सहा मीटरपलीकडून ते चालता कामा नये. नाहीतर काच अशी हवी की मध्ये काही आले तर शंभर न्यूटन जोर पडायच्या आत, म्हणजे सुमारे दहा किलो वजनाइतक्या दाबाच्या आत, ती आपणहून उलटी फिरेल. बोट बटणावर म्हणजे डोळाही गाडीवर, हे त्यातले मर्म. आमच्या डबीत यांतले एकही नव्हते. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, "काका, एवढं कोणी विचारत नाही."

हेच माझे म्हणणे आहे. कोणी विचारत नाही म्हणून सांगायचे नाही, हा कुठला न्याय? ज्या घरात लहान मुले गाडीत बसतात तिथे उलटी न फिरणारी डबी बसवून देऊ नये. द्यायचीच तर गिऱ्हाइकासमोर एकदा काकडी चेपून दाखवावी. पाच रुपयांची काकडी! निम्मे लोक तिथूनच परत फिरतील.

चिरंजीवांचे मत निराळे. तो म्हणतो, चूक डबीची नाही, मूल आत असताना लॉकचे बटण दाबले कोणी? खरे आहे. मी दाबले. ते मी कोणावर ढकलत नाही, आणि त्याची बोचणी जायची तेव्हा जाईल. पण अरे, ही डबी घेतली कोणासाठी? विसरणाऱ्या माणसासाठी. आणि तिच्यापासून धोका टाळायचा तर आठवण ठेवायची कोणी? त्याच माणसाने. काच उघडी राहिली हे विसरलो तर सीट भिजते. नात आत आहे हे विसरलो तर... असो. सीट वाळते.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने इशाऱ्याची वायर कापून तिच्या टोकाला टेप मारून दिली. डबी अजून डॅशबोर्डखाली आहे, काढायची मजुरी कशाला. मी आता बटण दाबण्याआधी दोन्ही काचांवर बोटाच्या पेराने टक टक करतो, दार वाजवल्यासारखे. लोक बघतात. सौ.ने डिकीत दोन जुने टॉवेल ठेवले आहेत. मागच्या मंगळवारी त्यातला एक लागला.