फोन भरलाय? आधी फोटो उडवू नका

शेजारच्या काकू परवा सकाळी फोन हातात घेऊन दारात उभ्या. चेहऱ्यावर वीजबिल दुप्पट आल्यावर येतो तसा भाव. दूधवाल्याला पैसे पाठवायला गेल्या, तर ॲप म्हणालं आधी अपडेट करा. अपडेट करायला गेल्या, तर फोन म्हणाला जागा नाही. "अरे, मी काहीच ठेवत नाही रे यात. हे भरतं कशानं?"

काकूंचं खरं होतं. त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. ठेवत होते ते इतर लोक.

गेल्या वर्षी असंच झालं तेव्हा त्या एका दुकानात गेल्या होत्या. तिथल्या पोराने दोनशे रुपये घेऊन फोन सरळ रिसेट मारला. जागा झाली, पण भिशीच्या वहीचे फोटोही गेले. वही त्याआधीच पावसात भिजलेली. मग बारा जणींच्या घरी जाऊन 'तू किती हप्ते भरलेस गं' विचारत फिरावं लागलं. म्हणून सगळ्यांना हात जोडून पहिली विनंती: फोन भरला की घाबरून रिसेट मारू नका, कुणाला मारू देऊ नका, आणि स्वतःचे फोटो उडवायलाही लगेच बसू नका. तुमच्या फोनातला बराचसा कचरा तुमचा नाहीच.

आधी बघा, मग पुसा. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडलं की काय किती जागा खातंय ते दिसतं. काकूंचा फोन 32 जीबीचा. त्यातले 13 जीबी अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच घातलेल्या ॲपनी धरलेले. वन रूम किचन घ्यावं आणि माळा बिल्डरनेच भरून ठेवलेला निघावा, तसला प्रकार. ही आयती आलेली ॲप बहुधा काढता येत नाहीत, पण 'डिसेबल' करता येतात. त्याने मूळ ॲपची जागा सुटत नाही. त्यावर चढलेली अपडेट आणि साठलेला डेटा मात्र जातो. चार-पाच ॲपचे मिळून शे-दोनशे एमबी हाती लागले तरी पुष्कळ.

खरा ऐवज व्हॉट्सॲपमध्ये होता. तब्बल 9 जीबी.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' असतं. तिथे वर दोन ढीग वेगळे काढलेले दिसतात: खूप वेळा फॉरवर्ड झालेलं, आणि 5 एमबीपेक्षा मोठं. खाली कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली त्याची उतरती यादी. काकूंच्या यादीत पहिला नंबर महिला मंडळाचा, 3 जीबी. उघडून बघतो तर तिळगुळाच्या वाट्या, दिवाळीचे कंदील आणि वाफाळत्या चहाचं 'शुभ सकाळ'. एकच गुलाबाचं फूल सहा जणींकडून सहा वेळा आलेलं, आणि फोनाने ते इमानेइतबारे सहाही वेळा जपलेलं. यात हसण्यासारखं काही नाही, हा घरोघरचा आजार आहे. गुगलने 2017 च्या डिसेंबरात 'फाइल्स गो' हे ॲप काढलं तेव्हा भारतातले असे तुडुंब भरलेले फोन त्यांच्या डोळ्यांसमोर होते. तेच आज 'फाइल्स बाय गुगल' म्हणून मिळतं, आणि एकसारख्या फायली शोधून दाखवायला ते चांगलं आहे.

खूप फॉरवर्ड झालेल्यांचा ढीग बिनदिक्कत निवडा आणि उडवा. 5 एमबीवरचे व्हिडिओ मात्र एकेक बघून. काकूंच्या ढिगात कीर्तन, उखाणे आणि भेंडीची भाजी यांच्या मधोमध भाचीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ निघाला. 'सिलेक्ट ऑल' दाबलं असतं तर तोही गेला असता. आणि व्हॉट्सॲपमधून इथे पुसलेलं कचरापेटीत जाऊन थांबत नाही, कायमचं जातं.

गॅलरीचं नेमकं उलटं. तिथे पुसलेला फोटो बहुतेक फोनांत महिनाभर 'ट्रॅश' किंवा 'बिन'मध्ये पडून असतो आणि तेवढीच जागा अडवतो. 'दोनशे फोटो उडवले तरी जागा वाढेना' ही तक्रार त्यातूनच येते. तो डबाही रिकामा करायला हवा.

आता जिथे भल्याभल्यांची फसगत होते ते गुगल फोटोज. 'फोटो गुगलवर आहेत, मग फोनमधून पुसले तर काय बिघडलं,' असं म्हणून लोक त्याच ॲपमधून फोटो डिलीट करतात. तो फोटो फोनमधूनही जातो आणि गुगलवरूनही. त्यांच्या बिनमध्ये तो साठ दिवस असतो, पुढे संपलं. फक्त फोनातली प्रत काढायची असेल तर 'फ्री अप स्पेस' नावाचं वेगळं बटण आहे. ते बॅकअप झालेलेच फोटो फोनवरून हटवतं. ते दाबण्याआधी मुलाच्या फोनवर किंवा संगणकावर आपलं खातं उघडून फोटो खरंच पोचलेत का ते डोळ्यांनी बघा. शिवाय फुकटची जागा 15 जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे वाटेकरी. 1 जून 2021 पासून तिथली बिनमोजणीची सवलत बंद झाली आहे. त्यामुळे लग्नाकार्याचे व्हिडिओ ओटीजी पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवणं मला जास्त खात्रीचं वाटतं. तो फोनाला थेट लागतो.

बाकी गोष्टी थोडक्यात. ॲपचा 'कॅश' पुसायला हरकत नाही, तो पुन्हा तयार होतो. शेजारचं 'क्लिअर डेटा' दाबू नका, त्याने लॉगिन आणि साठवलेलं सगळं जातं. जागा करून देतो म्हणणारी 'क्लीनर', 'बूस्टर' ॲप घेऊ नका. स्वतः जागा खातात आणि वर जाहिराती दाखवतात. फूटपाथवर दोनशे रुपयांत मिळणारं 1 टीबीचं मेमरी कार्ड 1 टीबीचं नसतं. चांगलं कार्ड घातलंत तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो कार्डात जातील असं बघा. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी घेतो. नातवाचं रांगणं टिपायला त्याखालची पायरीही पुरते.

तासाभरात काकूंच्या फोनात साडेसहा जीबी मोकळे झाले. दुधाचे पैसे गेले. निघता निघता मी व्हॉट्सॲपच्या 'मीडिया ऑटो-डाउनलोड'मधल्या सगळ्या खुणा काढल्या. आता कुणी काही पाठवलं की आधी धूसर चित्र दिसतं, त्यावर बाण आणि किती एमबी तो आकडा. बोट लावलं तरच उतरतं. काकूंना हे काही पटलं नाही. "म्हणजे प्रत्येक वेळी दाबत बसू?"

संध्याकाळी जिन्यात भेटल्या. चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ. "बेचाळीस एमबी," त्या म्हणाल्या, "आणि पाठवलाय कुणी, तर त्या कोपऱ्यावरच्या वहिनींनी. कुणाचं तरी बारसं आहे. मी काही दाबत नाही."