प्रशिक्षकाची पारख

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला जुनी मंडळी अद्याप गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. सायंकाळ झाली, मैदानावरची धूळ बसू लागली, की कडेच्या कट्ट्यावर मुलांचा घोळका जमतो. अंगावर घामाने भिजलेला सदरा, गुडघ्याला खरचटल्याच्या खुणा, आणि मुखाने मात्र अखंड वाद! रात्री जागून पाहिलेला एखाद्या परदेशी क्लबाचा सामना असो, नाहीतर भारताच्या राष्ट्रीय संघाचा. चर्चा कोठूनही निघाली, तरी अखेर ती एकाच ठिकाणी येऊन ठेपते. ‘खेळाडू चांगले होते, प्रशिक्षकालाच काही कळत नाही,’ असे एक जण म्हणतो. ‘क्लबाला अजिंक्यपद मिळवून देणारा प्रशिक्षक देशाच्या संघाला का नेमत नाहीत?’ असे दुसरा विचारतो. पाच मिनिटांत दोघांचेही आवाज इतके चढतात, की शेजारचा शेंगदाणेवाला हसू लागतो.

असा वाद घालू नये, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. ज्याला आपल्या संघाच्या पराभवाने जेवण गोड लागत नाही, त्याला बोलण्याचा अधिकार आहेच. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात हे खरे. परंतु प्रेक्षकांनी मुळीच बोलू नये, असे ठरविले तर खेळ ओस पडेल. प्रश्न आहे तो न्यायाचा. कट्ट्यावर दररोज एका माणसाचा निकाल लागतो, आणि त्या माणसाचे काम नेमके काय, ह्याची चौकशी निकालापूर्वी फारसा कोणी करीत नाही.

क्लबाचा प्रशिक्षक आणि देशाच्या संघाचा प्रशिक्षक ह्यांचे नाव एक असले, तरी धंदे दोन आहेत. दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागाईतदार पाहावा. एप्रिलमध्ये तो खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी करतो, रोज सकाळी वेलींमधून हिंडतो, कोणत्या पानावर रोग पडला हे हाताने चाचपून पाहतो. तेव्हा कोठे फाल्गुनाच्या सुमारास घड गोड होतात. क्लबाचा प्रशिक्षक हा असा बागाईतदार होय. खेळाडू वर्षातील बहुतेक दिवस त्याच्या डोळ्यांसमोर असतात. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती मात्र दहा बागांतील घड येतात, तेही थोड्या दिवसांपुरते. त्यांतून निवडावे, एका पेटीत नीट रचावे, आणि दूरच्या बाजारात पाठवावे, एवढेच त्याला करता येते. घडातील मणी आंबट निघाला, तर दोष रचणाऱ्याचा की पिकविणाऱ्याचा?

ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. मानोलो मार्केझ हे स्पॅनिश प्रशिक्षक २०२४-२५ च्या हंगामात एफ. सी. गोवा ह्या क्लबाचे आणि भारताच्या राष्ट्रीय संघाचे असे दोन्ही भार एकाच वेळी वाहत होते. मनुष्य तोच, विद्या तीच, वर्षही तेच. गोव्याच्या संघाने ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वर येथे सुपर कपच्या अंतिम सामन्यात जमशेदपूरचा ३-० असा पराभव केला. भारताच्या संघाने मात्र त्यांच्या कारकिर्दीतील ८ सामन्यांपैकी एकच जिंकला, तोही मालदीवविरुद्ध. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून ०-१ अशी हार झाली, आणि पुढच्याच महिन्यात मार्केझ राष्ट्रीय संघापासून दूर झाले. आता हा मनुष्य कुशल म्हणावा की अकुशल? गोव्याचे शौकीन एक उत्तर देतील, दिल्लीचे दुसरे. आणि दोघेही खोटे बोलत नसतील.

गंमत अशी, की भुवनेश्वरच्या त्या सामन्यात हरलेल्या जमशेदपूरचे प्रशिक्षक खालिद जमील हेच ऑगस्ट २०२५ मध्ये मार्केझ ह्यांच्या जागी आले. जमील ह्यांनी खेळाडू म्हणून मुंबईच्या महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया ह्या संघांकडून मैदान गाजविले होते. पुढे २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल क्लबाला, ज्याच्याकडून कोणाचीही काही अपेक्षा नव्हती त्या संघाला, त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. राष्ट्रीय संघाचे पहिलेच शिबिर भरले, तेव्हा मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. तरीही ताजिकिस्तानातील स्पर्धेत भारताने ओमानला नमवून तिसरे स्थान मिळविले, तेव्हा ‘अखेर आपला माणूसच कामी आला’ असा गजर झाला. महिनाभराने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मडगावच्या मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले, आशियाई चषकाचे दार बंद झाले. आणि गजर करणाऱ्यांपैकी पुष्कळांचे सूर बदलले. इतक्या थोड्या अवधीत जमील ह्यांची विद्या वाढली नव्हती की घटली नव्हती.

क्रिकेटच्या शौकिनांनी ह्यावर हसू नये. २०२४ मध्ये कोलकात्याच्या संघाने आय. पी. एल. जिंकले, त्या वेळी मुख्य प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित, आणि मार्गदर्शक होते गौतम गंभीर. पंडितांनी मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन संघांना रणजी करंडक मिळवून दिलेला. तरी कट्ट्यावर श्रेयाचा मोठा वाटा गंभीरांच्या पदरात पडला. पुढे भारतीय संघाची सूत्रे हाती आल्यावर न्यूझीलंडने मायदेशी ०-३ असा धुव्वा उडविला, तेव्हा त्याच कट्ट्याने गंभीरांना धारेवर धरले. मार्च २०२५ मध्ये चँपियन्स करंडक आला, तेव्हा पुन्हा खांद्यावर घेतले.

मग पारख करावयाची तरी कशी? ह्यासाठी एका शाळामास्तरांची गोष्ट आठवावी लागते. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक. १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हैदराबाद शहर पोलीस ह्या क्लबाचे प्रशिक्षक होते, आणि त्याच काळात भारताच्या संघाचेही. मुंबईच्या कूपरेज मैदानावर भरणारी रोव्हर्स चषकाची स्पर्धा त्यांच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे जिंकली. शिकविण्याची त्यांची रीत शिक्षकाचीच होती. खेळाडूंनी केवळ आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा, अशा स्पर्धा ते भरवीत. ज्याचा उजवा पाय सरस, त्याने दिवसभर डाव्यानेच खेळावयाचे! पहिल्या दिवशी त्या खेळाडूंची काय फजिती होत असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

१९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक पटकाविले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये काय झाले? थंडगार मैदानावर आपले पुष्कळसे खेळाडू अनवाणी उतरले, आणि युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुळीस मिळविले. दहा गोल! त्या संध्याकाळी कट्ट्यावर निकाल लागला असता, तर रहीमसाहेबांना घरी बसविण्यावाचून दुसरी शिक्षा कोणी सुचविली नसती. आणि शिक्षा देणाऱ्यांजवळ दहा गोलांचा पुरावाही होता.

रहीमसाहेब राहिले. पराभवापासून जे शिकावयाचे ते शिकले. संघ बूट घालून खेळू लागला. खेळाडूंची मांडणी बदलली. १९५६ मध्ये मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. मुंबईकर नेव्हिल डिसूझाने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत उपांत्य फेरीत पोहोचला आणि चौथा आला. १९६२ मध्ये जाकार्ता येथे पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. पुढे बचावपटू जर्नेलसिंग ह्याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. त्याला बचावात ठेवणे धोक्याचे, तर वगळणे परवडणारे नाही. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर पाठविले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात, त्याच दक्षिण कोरियाविरुद्ध, पुन्हा केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जी ह्याचा. प्रेक्षागारातील बहुतेक लोक भारताच्या विरुद्ध ओरडत असता भारत २-१ असा जिंकला. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने पोखरले गेले होते. जून १९६३ मध्ये ते वारले. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला लाभलेले नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, की मग प्रत्येक पराभूत प्रशिक्षकाला दहा वर्षे द्यावी काय? मुळीच नाही. वेळ हे औषध खरे, पण ते प्रत्येक रोग्याला लागू पडत नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड क्लबात अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये आले. पहिला चषक हाती यावयास १९९० उजाडले. आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी १३ वेळा साखळी स्पर्धा जिंकली. पण त्यांच्याकडे बोट दाखवून प्रत्येक आळशी प्रशिक्षक मुदत मागू लागला, तर तीही लबाडीच. शिवाय एक धंदा येणाऱ्यास दुसरा येतोच असे नाही, आणि येत नाहीच असेही नाही. युरोपातील क्लबांचा सर्वोच्च चषक आणि विश्वचषक हे दोन्ही जिंकणारे प्रशिक्षक जगात दोनच, इटलीचे लिप्पी आणि स्पेनचे देल बोस्के. उलट अर्जेंटिनाला २०२२ चा विश्वचषक मिळवून देणारे स्कालोनी कोणत्याही क्लबाचे मुख्य प्रशिक्षक कधीच नव्हते.

हेलसिंकीनंतर रहीमसाहेबांच्या बाजूने बोलावयाचे असते, तर पुरावा कोठे होता? तो फिनलंडमध्ये नव्हता, कूपरेजवर होता. काल जे जमत नव्हते ते खेळाडूंना आज जमते आहे, हे तेथे डोळ्यांनी दिसत होते. गोलफलक पाहण्यास एक क्षण लागतो. हे पाहण्यास तेच खेळाडू, तेच मैदान आणि अनेक सायंकाळी लागतात. कट्ट्यावरील वाद करणाऱ्यांपाशी सायंकाळी विपुल असतात, केवळ त्यांची पाठ बहुधा मैदानाकडे असते.

एके दिवशी ह्या कट्ट्यासमोरच एक तरुण क्रीडाशिक्षक दहा-बारा लहान मुलांना घेऊन आला. त्याने प्रत्येकाला डाव्या पायाने चेंडू मारावयास लावले. चेंडू भलतीकडेच धावू लागले. एक थेट रस्त्यावर गेला, दुसरा शेंगदाणेवाल्याच्या पाटीत पडला. कट्ट्यावर हशा पिकला. ‘ह्याला शिकवता येत नाही,’ असा निकाल तत्काळ लागला. क्रीडाशिक्षकाने तो ऐकला असावा. पण तो काही बोलला नाही. त्याने पाटीतला चेंडू उचलून आणला आणि हसणाऱ्यांतील एका उंच मुलासमोर ठेवला. मुलगा ऐटीत उठला, दोन पावले मागे सरला, आणि त्याने उजवा पाय उचलला. शिक्षकाने मान हलविली. मुलगा क्षणभर घुटमळला, मग त्याने पाय बदलला.