तपासणी झाली, नोंद कुठे आहे?



हंगाम जवळ आला की ऊस विकास विभागाकडून या पानावर लागण, बेणे, खताचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम यांवर लिहिले जाते. या वेळी आम्ही जरा वेगळ्या विषयाला हात घालीत आहोत. विषय विजेच्या मोटारीच्या तपासणीचा आणि त्या तपासणीच्या नोंदीचा आहे. ऊस पाण्यावर येतो, पाणी मोटारीवर येते, आणि ओल्या सरीतून जाऊन स्टार्टरचे बटण दाबणारा माणूस आपल्याच घरचा असतो. तेव्हा हा विषय आमच्या खात्याचा नाही, असे कोणी म्हणू नये.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्याखाली, इसापूरच्या लाभक्षेत्रात आणि विहिरी-बोअरवर ऊस उभा आहे. वसमत भागात तर एकाच घरात ऊसही आहे आणि हळदही आहे. म्हणजे एका घरात किती विजेची यंत्रे झाली पाहा: बोअरमधली पाणबुडी मोटार, कालव्यावर उचलून नेायची मोनोब्लॉक, कडबाकुट्टी, हळद पॉलिश करायचा ड्रम, शिवाय एखादे ड्रिल किंवा ग्राइंडर. यातली निम्मी यंत्रे जागेवर राहत नाहीत. आज या शेतात, उद्या भावाच्या शेतात. उचलताना केबल घासते, जोड ढिला होतो, पावसात पाणी आत जाते. मोटार पाणी उपसत राहते म्हणून ती चांगली आहे असे आपण धरून चालतो. बॉडीला करंट उतरला की मग कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

विजेच्या धक्क्याने शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. त्या पैशाने घराला आधार होतो. माणूस परत येत नाही.

मोटारीचे आवरण, म्हणजे इन्सुलेशन, शाबूत आहे की नाही हे मेगरने कळते. मेगर वायंडिंगला ५०० व्होल्टचा दाब देऊन बॉडीकडे किती वीज गळते ते पाहतो आणि आकडा मेगओहममध्ये दाखवतो. आकडा जितका मोठा तितके आवरण चांगले. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये लघु व मध्यम दाबाच्या जोडणीसाठी किमान १ मेगओहमची अट होती. पुढे त्या नियमांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि नंतर २०२३ चे विनियम आले. तरी १ मेगओहमचा आकडा वायरमन मंडळींच्या तोंडी अजून पक्का आहे.

पूर्वी मेगरला हाताने फिरवायची दांडी असे. काटा पाहायचा आणि वहीत लिहायचे. आता हातात मावणारी यंत्रे आली आहेत. बटण दाबले की इन्सुलेशन मोजतात, अर्थिंगची तार जोडलेली आहे का ते मोजतात, आणि शेकडो आकडे आपल्या पोटात साठवून ठेवतात. सोय चांगली आहे. पण वही सुटली ती इथेच. सभासदाने विचारले, "माझ्या मोटारीचा आकडा किती आला?" तर उत्तर मिळते, "ते मीटरमध्ये आहे." मीटर कुणाकडे? वायरमनकडे. वायरमन कुठे? दुसऱ्या गावाला. मग त्या आकड्याचा आपल्याला काय उपयोग?

आमचे स्पष्ट मत असे आहे की, मीटरच्या पोटात पडून राहिलेला आकडा म्हणजे नोंद नव्हे. ज्याची मोटार, त्याच्या हातात तारीख-नंबरासह आलेला आकडा हीच खरी नोंद.

ही गोष्ट ऊस उत्पादकाला वेगळी समजावून सांगायला नको. आमचा कर्मचारी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन आपल्या फडात येतो आणि ब्रिक्स १८ आहे म्हणतो. नुसते १८ म्हणजे काय? कोणता गट नंबर, को ८६०३२ की को एम ०२६५, लागण आडसाली की सुरू, तपासणीची तारीख कोणती, रस बुडख्याचा की शेंड्याचा, हे सोबत लिहिले तरच त्यावरून तोड ठरवता येते. नाही तर तो आकडा बाजारात ऐकलेल्या भावासारखा. कानावरून गेला आणि संपला. मोटारीच्या आकड्याचेही तसेच आहे.

समजा, एका मोटारीचा आकडा पहिल्या वर्षी २०० मेगओहम आला, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ८ आणि चौथ्या वर्षी २. चारही वेळा वायरमन "पास" म्हणेल, आणि ते चूक नाही, कारण आकडा १ च्या वरच आहे. पण चारही आकडे एकाखाली एक लिहिले तर शाळेतले पोरही सांगेल की मोटार पाचव्या वर्षाला टिकायची नाही. एकट्या आकड्याला हे बोलता येत नाही, उताराला येते. आणि उतार दिसायला मागचे आकडे हाताशी लागतात.

दुसरी गोष्ट हंगामाची. इन्सुलेशनचा आकडा उष्णतेने खाली येतो. साधारण १० अंश तापमान वाढले की तो निम्म्यावर येतो, असा ठोकताळा आहे. म्हणून नुकतीच बंद केलेली तापलेली मोटार आणि रात्रभर थंड झालेली मोटार यांचे आकडे शेजारी मांडून चालत नाही. पावसाळ्यात ओल शिरली की हा आकडा आणखी पडतो. अर्थिंगचे उलट आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात सुकते, भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. पावसाळ्यात तोच खड्डा चांगला आकडा दाखवतो. म्हणजे अर्थिंगची खरी परीक्षा वैशाखात, आणि आवरणाची खरी परीक्षा पावसाच्या शेवटी. तारीख न लिहिता दोन्ही आकडे ठेवले तर आपणच आपली फसगत करून घेऊ.

आता आकडे साठवणाऱ्या मीटरविषयी. हे काम वायरमनचे असले तरी सभासदाने समजून घ्यावे, म्हणजे विचारता येईल. पहिले, प्रत्येक यंत्राला एकच कायमचा नंबर असावा आणि तो तेलरंगाने बॉडीवर लिहावा. "पाटलांची मोटार" असे मीटरमध्ये घातले तर गावात पाटील किती! मोटार भंगारात गेली तर तिचा नंबर नव्या मोटारीला देऊ नये, नाही तर जुनीचे दुखणे नवीच्या नावावर चढते. दुसरे, सकाळी काम सुरू करताना मीटरचे घड्याळ व तारीख पाहून घ्यावी. घड्याळ चुकले की दिवसभराची तपासणी भलत्या तारखेला जाते. तिसरे, मीटरची जागा भरत आली की आकडे संगणकावर उतरवावेत, उतरलेली फाइल उघडून दोन-चार नोंदी मीटरशी ताडून पाहाव्यात, आणि मगच मीटर रिकामा करावा. आधी पुसणे आणि मग शोधणे हा धंदा बरा नव्हे. चौथे, ती फाइल त्या मीटरच्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडत असेल, तर कागदावर एक प्रत काढून ठेवावी. मीटर मोडेल, कंपनी बदलेल, कागद राहील. पाचवे, नापास झालेला आकडा पुसू नये. दुरुस्तीनंतरचा नवा आकडा त्याच्या खाली यावा. मोटार भरून आणली तर त्याच दिवशी नवी तपासणी व्हावी, म्हणजे भरणाऱ्याचे कामही कळते.

तपासणीच्या वेळची एक सूचनाही इथेच देतो. मेगर लावण्यापूर्वी मेन स्विच बंद असलाच पाहिजे, आणि काम परवानाधारक वायरमननेच करावे. सौरपंपाच्या कंट्रोलरला मेगरचा ५०० व्होल्टचा दाब देऊ नये. मोटार सोडवून वेगळी तपासावी. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असतेच, हेही विसरू नये.

काही सभासद खासगीत बोलतात ते इथे उघड मांडलेले बरे. "साहेब, लिहून ठेवलं की ते कुठं तरी जातं. जोडणी बघायला माणसं येतील, भार वाढला म्हणतील." ही भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. म्हणूनच आमचा आग्रह आहे की पहिली प्रत सभासदाच्या घरात राहावी. गट कार्यालयात दुसरी प्रत ठेवायची तर सभासदाच्या संमतीने, आणि ती फक्त तपासणीची आठवण देण्यापुरती. नोंद ज्याच्या हिताची, त्यालाच तिची भीती वाटू लागली तर कोणी खरे सांगणार नाही, आणि खोट्या नोंदीपेक्षा कोरी वही बरी.

दुसरे काही म्हणतात, "मोटारीवर तपासणीची चिठ्ठी चिकटवली, झालं की!" चिठ्ठी त्या दिवसाचे सांगते. दुसऱ्या दिवशी उंदराने केबल कुरतडली तर चिठ्ठीला त्याची खबर नसते. नोंदवहीसुद्धा धक्का अडवीत नाही, हे आम्ही मान्य करतो. ते काम चांगल्या अर्थिंगचे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणाऱ्या ई.एल.सी.बी.चे आहे. नोंदीचे काम वेळेआधी सांगण्याचे आहे. कोणती मोटार उतरणीला लागली हे कळले की पैसा कुठे आधी घालायचा ते ठरवता येते, आणि ऐन पाण्याच्या पाळीत मोटार जळून ऊस वाळण्याचे टळते.

सबब आमची सर्व सभासदांना विनंती आहे. उसाची पावती आणि पाणीपट्टी ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत एक साधी वही ठेवा. तिला रकाने पाचच असू द्या: यंत्राचा नंबर, तारीख, आकडा, तपासणाऱ्याचे नाव, केलेली दुरुस्ती. मृगापूर्वी एकदा आणि पाऊस उघडल्यावर एकदा तपासणी करून घ्या. वायरमनने मीटर पेटीत घालण्यापूर्वी आकडा वहीत उतरवून घ्या आणि त्याची सही घ्या. मजुरी त्यानंतर द्या. घरातले शिकणारे मूल हे काम हौसेने करील.

उसाच्या वजनाची पावती हातात पडल्याशिवाय आपण काट्यावरून गाडी हलू देत नाही. मोटारीच्या बाबतीतही तोच बाणा ठेवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.